गुडघाभर पाणी

चौथ्यांदा तार अंथरून झाली तेव्हा टोर्ग्रिमचा जीव मेटाकुटीला आला होता. उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्डच्या बर्फावर चाळीस मीटरचा चौकोन घालायचा, तारेतून वीज सोडायची आणि मधोमध उभं राहून जमिनीचं उत्तर पेटीवर वाचायचं, एवढंच काम. गोठलेली जमीन गप्प बसते, पाणी बोलतं. धातू तर पाण्याच्या वरताण बोलतो, म्हणून चौकोनात टाचणीसुद्धा न्यायची नाही, हा टोर्ग्रिमचा नियम.

आज त्याला पाणी नकोच होतं. पाणी लागलं की छिद्र पाडणारी माणसं येणार, मुक्काम दोन आठवडे वाढणार. उद्याचं विमान चुकलं तर बायकोचा पन्नासावा वाढदिवसही चुकला. चाळिसावा असाच बर्फात गेला होता.

पेटीनं पाणी दाखवलं.

"एल्डब्योर्ग, तुझी बंदूक!" तो खेकसला.

अस्वलांवर नजर ठेवणारी एल्डब्योर्ग आधीच दोनशे पावलांवर होती. "आणखी मागे सरकले ना, तर अस्वल तुला माझ्याआधी भेटेल!"

तरी ती सरकली. पाणी तसंच. मग त्यानं किल्ल्या काढल्या, थर्मास लांब ठेवला, चेनवाला कोट काढला, शेवटी पट्टाही. एका हातानं विजार सावरत, कुडकुडत तो पेटीवर वाकला. पाणीच.

बर्फावरच्या स्कूटरपाशी जाऊन त्यानं फोन लावला. प्रमुख गुनवोर हरखलीच. "या मोसमात तेवीसच्या तेवीस जागी पाणी! काय पायगुण आहे रे तुझा!"

टोर्ग्रिमनं आपल्या पायाकडे पाहिलं. येताना विमानतळावरची तपासणीची कमान याच पायापाशी किंचाळली होती आणि त्यानं हसत डॉक्टरांचं कार्ड दाखवलं होतं.

"एल्डब्योर्ग, बंदूक मला दे. पेटी तू बघ."

तिनं पाहिलं. "काही नाही. नुसता बर्फ." मग तिची ट्यूब पेटली. "अरे, तुझा नवा गुडघा! आम्हाला टाचणी आणू देत नाहीस आणि स्वतः अख्खं बिजागर घेऊन फिरतोस? लोकांची अक्कल गुडघ्यात असते म्हणतात. तुझ्या गुडघ्यात तीही नाही!"

गप्प बसावं तर माणसं फुकट छिद्रं पाडत बसणार, सांगावं तर तेवीस जागा पुन्हा मोजायच्या. विमान दोन्हीकडून गेलंच होतं. त्यानं गुनवोरला सांगून टाकलं.

"एल्डब्योर्ग मोजेल," गुनवोर म्हणाली. "तू बंदूक धर."

संध्याकाळी बायकोला फोन करताना त्याला खरोखर लाज वाटली.

"येत नाहीस ना?" ती म्हणाली. "ते कळलंच मला. निदान पाणी तरी लागलं का?"

"लागलं की," टोर्ग्रिम म्हणाला. "गुडघाभर."