बोगनवेलीचं सुधारित वेळापत्रक

"रोज दोनशे बारा गाड्या वेळेवर सोडल्यात मी! एक वीतभर झाड सांभाळायचं म्हणजे काय मोठंसं?"

कंट्रोलर हे वाक्य बोलून गेले आणि तिथूनच सगळं फिसकटायला सुरुवात झाली.

कंट्रोलर म्हणजे बस डेपोतले वाहतूक नियंत्रक. निवृत्त होऊन तीन महिने झाले होते, पण डोक्यातली शिट्टी अजून थांबली नव्हती. बायकोने चहा चार मिनिटं उशिरा आणला, तरी ते कपाकडे असं बघायचे, की कपाने परस्पर मार्ग बदललाय! बायको बिचारी चाळीस वर्षं एका रिकाम्या खुर्चीबरोबर सुखाने जेवली होती. आता त्या खुर्चीत दिवसभर नवरा बसायला लागल्यावर तिने मुलीला फोन केला, "तुझ्या बाबांना काहीतरी काम दे गं. नाहीतर मी डेपोत नोकरी धरते."

मुलीने काम दिलं. कंपनीच्या कामासाठी ती चार महिने दूरच्या शहरात निघाली होती. जाताना बोगनवेलीचं एक बोन्साय तिने बाबांच्या हातात ठेवलं. निळी पसरट कुंडी, जाड खोड, आणि ते खोड असं वाकलेलं, जणू खाली पडलेली सुई शोधतंय.

"बाबा, सहा वर्षं वाढवलंय मी हे. पाच-सहा तास ऊन लागतं. मी येईन तेव्हा फुललेलं पाहिजे हं!"

"येशील त्या दिवशी, त्या वेळेला फुललेलं असेल!" कंट्रोलर म्हणाले.

हे ते उगाच बोलले नव्हते. शाळेत मुलीला तीनदा बक्षीस मिळालं होतं, आणि तिन्ही वेळा कंट्रोलर पोचले तेव्हा शिपाई खुर्च्या उचलत होता. मुलगी कधी काही बोलली नाही. 'बाबांची ड्यूटी होती,' एवढंच सगळ्यांना सांगायची. ते 'एवढंच' कंट्रोलरांच्या मनात इतकी वर्षं खड्यासारखं टोचत राहिलं होतं. या खेपेला उशीर नाही!

अडचण एकच होती. त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घराला ना गच्ची, ना बाल्कनी. दोन खिडक्या होत्या. एक समोरच्या भिंतीकडे बघायची, आणि दुसरी सांडपाण्याच्या पाइपांकडे. ऊन त्या घरात फक्त पंचांगापुरतं होतं!

पण माणूस वाहतूक खात्यातला. त्यांनी रात्रीत वेळापत्रक आखलं. पहिल्या मजल्यावरच्या टेलरबाईंची खिडकी पूर्वेला, तेव्हा सकाळी सात ते अकरा मुक्काम तिथे. तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांकडे दुपारचं ऊन, तेव्हा साडेअकरा ते साडेचार तिथे. संध्याकाळी डेपो वापसी, म्हणजे स्वतःच्या घरी. लिफ्ट नव्हती. कंट्रोलर स्वतः कुंडी पोटाशी धरून जिने चढायचे-उतरायचे आणि प्रत्येक थांब्यावर सही घ्यायचे.

"सही कशाला हो काका?" टेलरबाईंनी विचारलं.

"नोंद असली की गाडी हरवत नाही!"

दोन महिने झाले. झाड हिरवंगार झालं, कोबीच्या गड्ड्यासारखं गरगरीत झालं, पण फुलाचा पत्ता नाही! कारण झाडावर सगळ्यांचाच जीव जडला होता. टेलरबाई त्याला चहाचा चोथा घालायच्या. शिवाय कुठेही लोंबता दोरा दिसला की त्यांचा हात आपोआप कात्रीकडे जायचा. नवा कोंब बाहेर आला रे आला, की कचकन! मास्तर आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलेले. ते खताचं पाणी थेंब मोजून घालायचे आणि मग 'आणखी दोन थेंब' घालायचे. कंट्रोलर नियमाने पाणी द्यायचे. आणि ते झोपले की बायको हळूच उठून, "दमलं असेल गं बाई, दिवसभर जिने चढून," म्हणत आणखी एक पेला ओतायची! कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

मग तो बुधवार उगवला.

त्या दिवशी कंट्रोलर नवरा-बायकोला दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. म्हणून कंट्रोलरांनी सुधारित वेळापत्रक क्रमांक चार काढलं: 'बुधवारी टेलरबाईंनी झाड थेट मास्तरांकडे पोचवावे.' एक प्रत मास्तरांना दिली. दुसरी टेलरबाईंच्या दाराखालून सरकवली. ती सरकली ती तडक पायपुसण्याखाली!

टेलरबाईंना त्याच दिवशी घाईने बहिणीकडे जायचं होतं. तिचा पाय मोडला होता. त्यांनी कंट्रोलरांची बेल वाजवली, तर घराला कुलूप. खाली टॅक्सी हॉर्न वाजवत उभी. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात झाड! जाता जाता त्या तळमजल्यावरच्या चष्म्याच्या दुकानात शिरल्या, "काका आले की एवढं द्या हं त्यांना!" म्हणून कुंडी ठेवली आणि गेल्या.

इकडे मास्तर झाडाची वाट बघत बसले. बारा वाजले, एक वाजला, चार वाजले. झाड नाही. मास्तर दाराआड येरझाऱ्या घालू लागले. कारण आदल्या दिवशी 'आणखी दोन थेंब' घालताना बाटलीचं बूच निसटलं होतं आणि अर्धी बाटली कुंडीत गेली होती. 'कंट्रोलरांना कळलं! म्हणून झाड पाठवलं नाही!'

साडेचारला बेल वाजली. मास्तरांनी दार चार बोटं उघडलं. बाहेर कंट्रोलर, झाड न्यायला आलेले.

"मास्तर, ते झाड..."

"मला ठाऊक आहे!" मास्तर रडवेल्या आवाजात म्हणाले. "माझ्या हातून घडलं. पण आज काही विचारू नका, तुमच्या पाया पडतो!" आणि दार बंद.

कंट्रोलर तसेच जिना उतरले. घरी येऊन बायकोला एकच शब्द बोलले, "गेलं."

पुढचे सोळा दिवस त्या जिन्यात इतका सभ्यपणा माजला, की पाहुण्यांना वाटावं, इथे सोयरीक जमतेय! कंट्रोलरांना वाटे, बिचारा मास्तर आधीच अर्धमेला झालाय, त्याला आणखी काय बोलायचं? ते रोज सकाळी आपलं वर्तमानपत्र आधी मास्तरांकडे पाठवायला लागले. मास्तरांना वाटे, केवढा हा मनाचा मोठेपणा! मी झाडावर विषप्रयोग केला आणि हा माणूस मला पेपर पाठवतो! ते आणखी खजील होऊन जिन्यात भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. ते बघून कंट्रोलरांची खात्रीच पटली. झाड नुसतं मेलं नाहीये, हाल होऊन मेलंय!

मधेच मुलीचा फोन. "बाबा, कसं आहे?"

"झकास! कळ्या धरल्यात!" कंट्रोलरांच्या तोंडून निघून गेलं.

"व्हिडिओवर दाखवा ना!"

बायकोने फोनवर पदर टाकला. "अंधार झालाय गं इथे," ती म्हणाली. सकाळचे अकरा वाजले होते!

आणि शुक्रवारी फोन आला. काम लवकर आटपलं होतं. "उद्या सकाळी नऊला पोचते!"

कंट्रोलरांनी सगळं बळ एकवटलं आणि तिसरा मजला गाठला. "मास्तर, झालं ते झालं. माझ्या मनात काही नाही. पण उद्या पोरगी येतेय. झाड जाऊ दे, निदान कुंडी तरी द्या. तिची आहे."

"कुठली कुंडी?"

"निळी."

"ती तर तुमच्याकडे आहे."

"माझ्याकडे? तुम्हीच नाही का म्हणालात, माझ्या हातून घडलं म्हणून?"

"ते खताबद्दल! मंगळवारच्या! बुधवारी झाड माझ्याकडे आलंच नाही हो!"

 मग दोघांनी एकदमच टेलरबाईंना फोन लावला, म्हणजे दोघांचेही फोन व्यस्त लागले. शेवटी मागोमाग वर आलेल्या कंट्रोलरांच्या बायकोने लावला.

"अहो, चष्मेवाल्याकडे नाही का ठेवलं मी!" टेलरबाई तिकडून म्हणाल्या. "सोळा दिवस झाले की त्याला!"

तिघं धडाधड जिना उतरले. दुकान बंद होतं. चष्मेवाल्याला त्याच बुधवारी दुपारी सासऱ्यांचा फोन आला होता, की बायको प्रसूत झाली, जुळं आहे! तो जाळीचं शटर ओढून जो पळाला तो पळालाच. जाळीमागे काच आणि काचेमागे जाहिरातीतली पुठ्ठ्याची बाई चष्मा लावून हसत होती. तिच्या डोक्यावर हा एवढा गुलाबी फुलांचा झुबका!

"ही फुलं मी चार दिवस बघतेय!" कंट्रोलरांची बायको ओरडली. "मला वाटलं, जाहिरातच नवीन लावलीय!"

कंट्रोलर शटरच्या जाळीला नाक लावून उभे राहिले. पुठ्ठ्याच्या बाईमागून निळ्या कुंडीचा काठ दिसत होता. पानं जवळजवळ सगळी गळून गेली होती. सोळा दिवस ना पाणी, ना खत, ना कात्री, नुसतं काचेतून येणारं ऊन, आणि फांदी न् फांदी गुलाबी झाली होती!

"शास्त्रीयदृष्ट्या ही फुलं नव्हेत," मास्तर म्हणाले. "ही रंगीत पानं. खरं फूल आतलं, ते पांढरं, बारीक..."

"मास्तर!!" दोघं एकदम ओरडले.

चष्मेवाल्याला फोन लावला. मागे दोन बाळं दोन सुरांत रडत होती. "काका, मेलोच मी! साफ विसरलो! उद्या सकाळच्या पहिल्या गाडीने किल्ली पाठवतो. नऊला पोचेल!"

दुसऱ्या दिवशी नऊला मुलगी पोचली. किल्लीची गाडी पोचली नाही!

टॅक्सीतून उतरताना मुलीला दिसलं, की आपले आई-बाबा, वरचे मास्तर आणि पहाटेच्या गाडीने परत आलेल्या टेलरबाई एका बंद दुकानापुढे रांगेत उभे आहेत. "काय झालं? कुणाचा चष्मा फुटला?"

 कंट्रोलरांनी बोट दाखवलं. मुलगी जाळीशी गेली, वाकली आणि तशीच राहिली.

"बाबा... हे माझं?"

गाडी दीड तास उशिरा होती. एरवी कंट्रोलरांनी चौकशी खिडकी दणाणून सोडली असती. आज ते दुकानाच्या पायरीवर बसले. शेजारी मुलगी बसली. तिने त्यांना नवं शहर सांगितलं, खडूस साहेब सांगितला, तिथल्या खोलीतला गळका नळ सांगितला. इतका वेळ ती दोघं सलग कधी बोलत बसली होती, ते कंट्रोलरांना आठवेना. मास्तरांनी वरून पेपर आणून दिला. टेलरबाईंनी चहा आणला. बायको मागे उभी राहून उगाचच डोळे पुसत होती. ही सगळी माणसं दोन महिने आपल्या झाडासाठी उन्हाची जागा राखून बसली, याबद्दल आपण एकदाही कुणाचे आभार मानले नाहीत, नुसत्या सह्या घेतल्या, हे कंट्रोलरांच्या ध्यानात आलं.

"मास्तर," ते म्हणाले, "टेलरबाई... तुमचे फार उपकार आहेत हो."

"कसले उपकार!" मास्तर पुन्हा भिंतीकडे वळले.

अखेर किल्ली आली. शटर वर गेलं. मुलीने झाड उचलून उन्हात धरलं आणि हलकेच म्हणाली, "बाबा, एक सांगू? माझ्याकडे सहा वर्षांत याला एकसुद्धा फूल आलं नव्हतं. पुस्तकं वाचली, दिवे लावले, औषधं घातली, काही उपयोग झाला नाही. तुम्ही नेमकं केलंत तरी काय?"

टेलरबाईंनी पायाने जमिनीवर रेघोट्या ओढायला सुरुवात केली. मास्तर आकाशाकडे बघू लागले. बायकोला घरातला गॅस आठवला. चौघांच्या वतीने उत्तर द्यायचं कंट्रोलरांवरच आलं.

"काही विशेष नाही गं," ते खाली बघत म्हणाले. "आम्ही सगळ्यांनी मिळून हरवलं."