खणखणीत कार्ड

आमच्या शेजारचे आप्पा दुकानात लॅपटॉप आधी उघडत नसत. बोटाच्या पेराने वाजवून पाहत. शिरोलीच्या फौंड्रीत जन्म काढलेला माणूस. ओतलेला लोखंडी भाग हातोडीने वाजवायचा. खणखणला तर चांगला, बद्द वाजला तर आत चीर. ही विद्या त्यांनी नारळापासून जावयापर्यंत सगळ्यांना लावली. मी ग्रंथालयात नोकरीला, बोलायला कमी. "मास्तर, तुम्ही बद्द न्हाय," ते म्हणत, "पण तुम्ही वाजतच न्हाय की."

निवृत्तीनंतर त्यांना असा लॅपटॉप हवा होता, ज्यावर विमान उडवायचा खेळ चालेल आणि घरांचे आराखडे काढायचं सॉफ्टवेअरही. इंग्रजी वाचायला सोबत मी. एका दुकानदाराने समजावलं, आराखड्यांना चार जीबीचं ग्राफिक्स कार्ड पुष्कळ झालं, आठचं कशाला? आप्पांनी विचारलं, तीन हजार फुटांवरून अंगणातलं माणूस दिसेल का?

"पावणं, एवढ्या वरनं माणूस कुणाला बघायचाय?"

आप्पांनी लॅपटॉप वाजवला. बद्द हाय, म्हणाले आणि उठले.

राजारामपुरीतली दुकानं संपता संपता आठ जीबीचं कार्ड मिळालं. काही महिन्यांनी त्यांनी मला बोलावलं. पडद्यावर उजळाईवाडीच्या विमानतळावरून विमान उठलं आणि मलकापूरच्या वाटेला लागलं. शाहूवाडीच्या डोंगरात, भातखाचरांच्या मधोमध एक कौलारू घर आलं. आप्पांनी काकूंना त्यांच्या माहेरच्या रानात बांधून देतो म्हटलेलं, नोकरीपायी राहून गेलेलं घर. काकू गेल्यावर आप्पांनी ते आराखड्यात कौल न कौल काढून खेळात बसवलं होतं. अंगणात हिरव्या लुगड्यातली एक बाई, कपाळाशी हात धरून वर पाहत उभी.

"हलक्या कार्डावर घर दिसतंय," आप्पा म्हणाले. "ही दिसत न्हाय."

विमान घराभोवती दोनदा फिरलं. उतरायचं नाही का, मी विचारलं.

"धावपट्टी कुठं हाय?" मग म्हणाले, "काढाय येती की, मास्तर. पण वरनं बघितलं की वाट बघाय लागलीया आसं वाटतं. जवळ गेलं की चित्रच."

विमान परत फिरलं.

आप्पा गेले. लेकीने लॅपटॉप माझ्याकडे दिला. मला विमान उडवता येत नाही. परवा धूळ पुसताना मी तो पेराने वाजवून पाहिला. बद्द वाजला. प्लास्टिकच ते, सगळेच तसे वाजत असणार. आप्पांना हे पहिल्या दुकानातच कळलं असेल.