ऊनेकाकांचं प्रात्यक्षिक

ऊनेकाका एकतीस हिवाळे गावच्या स्केटिंग क्लबचे, बर्फाची जाडी तपासणारे बर्फमास्तर होते, आणि एकतीस हिवाळ्यांत त्यांच्या बर्फातून एकही माणूस खाली गेला नव्हता. हे ते कोणी न विचारताही सांगत. फ्रीजलंडमध्ये बर्फ दरवर्षी धरतोच असं नाही, त्यामुळे त्यातले एकोणीस हिवाळे निव्वळ चिखलाचे होते, हे मात्र विचारलं तरी सांगत नसत.

यंदा बर्फ धरला. पण क्लबच्या अध्यक्ष हिंकेबाई घरी येऊन, कॉफी पिऊन बजावून गेल्या, की आता जाडी मोजायचं यंत्र मिळतं. यंदा एक जरी माणूस पाण्यात गेला, तर काकांनी आपलं गिरमिट कपाटात ठेवावं. बर्फाला भोक पाडून जाडी बघायचं ते गिरमिट काकांच्या आजोबांचं होतं.

काकांनी ठरवलं, शनिवारी सकाळी स्केटिंगसाठी पाणी सोडून गोठवलेल्या कुरणावर सगळ्यांना सुरक्षिततेचा असा धडा द्यायचा, की हिंकेबाईंनी यंत्राचं नाव काढता कामा नये.

चाळीस जण आले. काकांनी सांगितलं, एकट्याने जाऊ नका. दोरीला बांधलेले दोन टोचे गळ्यात असू द्या. पाण्यात पडलात तर उभं राहायला धडपडू नका. ज्या बाजूने आलात तिकडे तोंड करा, पाय झाडून आडवे व्हा, टोचे बर्फात रोवून बाहेर सरपटा आणि लोळत लांब जा. एका माणसाला चार बोटं बर्फ पुरतो, पण घोळका कधी करू नका.

जाडी दाखवायला त्यांनी पायाशी भोक पाडलं. मागच्यांना दिसेना, म्हणून दुसरं पाडलं. असं करत स्वतःभोवती सात भोकं पाडल्यावर सगळ्यांचं समाधान झालं. मग मागून तक्रार आली, की ऐकू येत नाही.

"मग जवळ या की," काका म्हणाले.

चाळीस जण जवळ आले आणि घोळका का करू नये ते कान देऊन ऐकू लागले.

पुढे खाण्याचा विषय निघाला. भूक लागायच्या आधी खा, तहान लागायच्या आधी प्या, थंडीत घाम गेलेला कळत नाही. हे ऐकून काकांची बायको वित्स्के घसरगाडीवर वाटाण्याच्या सूपचं पातेलं ओढत थेट मधे आली. पातेलं असं, की त्यात वासरू न्हाऊन निघावं.

"अगं, काठावर ठेव ना."

"तूच म्हणालास, भुकेच्या आधी. काठावर जाईपर्यंत भूक लागेल त्यांना."

बर्फ आधी कण्हला, मग कडाडला. चाळीस जण पातेल्यासकट मागे पळाले. काका हलले नाहीत, कारण घाबरून पळू नये हे त्यांचं पुढचं कलम होतं. सात भोकांमधला तुकडा ताटलीसारखा सुटला आणि काकांना घेऊन खाली गेला.

काकांनी एकही पायरी गाळली नाही. आल्या दिशेला तोंड केलं, पाय झाडले, आडवे झाले, टोचे रोवले. बर्फ तुटला. पुन्हा रोवले.

"ऊने," वित्स्के शांतपणे म्हणाली, "उभा राहा. गुडघ्याएवढं पाणी आहे."

"उभं राहायचं नसतं," काका म्हणाले आणि पोटावर बर्फ फोडत दहा पावलं पुढे गेले. मग बाहेर सरपटले आणि लोळत लोळत हिंकेबाईंच्या बुटांपाशी थांबले.

टाळ्या पडल्या. हिंकेबाईंचे डोळे भरून आले. "मला वाटलं, नुसतं बोलाल. या वयात करून दाखवलंत, काका."

खरं काय ते सांगून टाकावं म्हणून काकांनी तोंड उघडलं. वित्स्केने त्यात डावभर सूप ओतलं.

हिंकेबाईंनी वहीत लिहिलं: पाण्यात पडलेले, कोणी नाही. प्रात्यक्षिक, एक. गिरमिट काकांकडेच राहिलं.

पुढच्या हिवाळ्यात बर्फ धरला, तसा क्लबच्या दारावर कागद लागला. दहा वाजता सूप. साडेदहा वाजता ऊनेकाका पाण्यात पडतील. मागच्यांनाही पडणं खरं वाटावं, म्हणून यंदा जागा खोल निवडली आहे.