काऊन वही

विज्ञान समजून घ्यायला वेळ लागतो आणि परीक्षेत वेळ मिळत नाही. या दोन गोष्टी एका घरात नांदू शकत नाहीत, हे ज्याच्या सर्वांत आधी ध्यानात येते तो संचालक होतो.

मोताळ्याच्या बसस्थानकामागे, खते-बियाण्यांच्या दुकानाच्या माडीवर, 'आरोग्यदीप नर्सिंग प्रवेश वर्ग' भरतो. त्याचे संचालक ज्ञानेश्वर सर यांनी विज्ञानाच्या तयारीचा प्रश्न कायमचा निकाली काढला आहे. प्रवेश परीक्षेत प्रश्न शंभर, मिनिटे नव्वद. म्हणजे एका प्रश्नाला चौपन्न सेकंद. उलट, वर्गात कोणी 'काऊन?', म्हणजे 'का?', असे विचारले, तर ते समजावून सांगण्यात सरासरी चार मिनिटे जातात. (सरांनी स्वतः घड्याळ लावून मोजली. तेवढे तीन दिवस त्यांनी समजावून सांगितले होते.) म्हणजे एक 'काऊन' साधारण साडेचार प्रश्न खातो. पिकावर कीड दिसल्यावर शेतकरी जे करतो, तेच सरांनी केले.

त्यांनी एक वही ठेवली. लाल पुठ्ठ्याची, दोनशे पानी. वहीचे नियम पहिल्या पानावर आहेत:

वर्गात 'काऊन' विचारू नये. राहवलेच नाही, तर प्रश्न वहीत लिहून खाली सही करावी. उत्तर परीक्षेनंतर मिळेल. दहावा 'काऊन' झाल्यास नाव कमी करण्यात येईल.

नाव कमी होणे म्हणजे नुसते वर्गातून जाणे नव्हे. सगळ्यांचे परीक्षेचे फॉर्म वर्गानेच भरलेले, त्यावर मोबाईल नंबर वर्गाचा, पासवर्ड सरांच्या डायरीत. त्यामुळे ज्याचे नाव कमी झाले त्याचे हॉलतिकीटही डायरीतच राहते. विद्यार्थ्यांवर कागदपत्रांचा ताण पडू नये, हा यामागचा हेतू.

महामायाच्या नावावर नऊ 'काऊन' होते.

बत्तीस जणांच्या वर्गात उरलेल्यांचे मिळून सहा. यावरून तिचा स्वभाव लक्षात यावा. पोरगी मुद्दाम करत होती असे नाही. तिच्या तोंडून तो शब्द शिंकेसारखा निघे. ताप चढताना थंडी काऊन वाजते? सुई टोचण्याआधी कापसाचा बोळा काऊन फिरवतात? लोणारच्या तळ्याचं पानी एवढं खारं, तरी ते हिरवं काऊन? हे वहीतले, तिच्या हस्ताक्षरातले काही. तिची आई पंचफुलाबाई दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायला जाई आणि पोरीला रोज निघताना सांगे, "महामाये, आज तोंड बंद ठेवजो. थोडे दिवस राह्यले. मंग आयुष्यभर विचारत राहाय."

वर्गात शिकवले जाई ते जोडी पद्धतीने. सर पहिला शब्द टाकत, वर्ग दुसरा उचले. रातांधळेपणा? अ! मुडदूस? ड! बल? न्यूटन! मधुमेह? इन्सुलिन! मध्ये वाक्य नाही, क्रियापद नाही, शंका शिरायला फट नाही. खालच्या दुकानात युरिया घ्यायला आलेल्या दोन शेतकऱ्यांनाही चाळीसेक जोड्या पाठ झाल्या होत्या. हे पद्धतीचे मोठेच यश.

या पद्धतीचा सर्वांत देखणा नमुना म्हणजे वर्गाची मॉनिटर मलिहा. तिचे वडील वाहेदभाई शिवणकाम करतात. मलिहाला सहाशे बारा जोड्या पाठ, आणि वहीत तिच्या नावावर एकही 'काऊन' नाही. वही तिच्याच ताब्यात असे. महामाया तिच्या शेजारी बसे. सरांनीच बसवले होते, गुण लागावा म्हणून. कोणाचा कोणाला, हे त्यांनी सांगितले नव्हते.

परीक्षा आठ दिवसांवर आली तेव्हाची गोष्ट. सरांना शुगर आहे आणि जेवणाआधी पोटावर सुई घ्यावी लागते, हे सगळ्या वर्गाला माहीत होते. त्या दुपारी सरांनी सुई घेतली, डब्याला हात घातला, आणि तेवढ्यात सोनाळ्याहून पालक आले, पुढच्या वर्षीच्या प्रवेशाची चौकशी करायला. सरांनी डबा बाजूला सारला आणि वर्गाच्या निकालाची परंपरा सांगायला घेतली. (वर्ग सुरू होऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. परंपरेला सव्वा तास लागला.) पालक गेले आणि वर्ग सुरू झाला.

"स्कर्व्ही?"

"क!"

"गलगंड?"

"आयोडीन!"

"गलगंड?"

"आयोडीन!"

"गलगंड," सर पंख्याकडे पाहून म्हणाले. वर्गाने शिस्तीत तिसऱ्यांदा आयोडीन म्हटले. सरांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. हातातला खडू फळ्यावर आपोआप टिंबे काढत होता. मग ते खुर्चीत बसले आणि काहीतरी बोबडे बोलू लागले. कोणी जागचे हलले नाही, कारण प्रश्न विचारलेला नव्हता.

मागून कोणीतरी म्हणाले, "सरले तं शुगर हाये ना बे?"

"मधुमेह!" दुसऱ्या कोणीतरी जोडीचा पहिला शब्द टाकला.

"इन्सुलिन!" एकतीस गळे एकदम गरजले. बत्तिसावा महामायाचा, तो गप्प होता.

मलिहा उठली. मॉनिटरच्या कर्तव्यात जे बसते तेच ती करत होती. तिने टेबलाचा खण उघडला, सरांचे इंजेक्शनचे पेन काढले आणि टोपण काढले. हात जरासुद्धा कापत नव्हता. नर्सला लागतो तसा स्थिर हात.

महामायाला सरांच्या जागी माय दिसली. मागच्या दिवाळीच्या आधी, कापसाच्या ओळीत अशीच घामाघूम, अशीच लटलट कापत बसलेली. शुगरची सुई घेतलेली आणि भाकर तशीच फडक्यात. तेव्हा उपकेंद्रातल्या सिस्टरबाईंनी महामायाला शांतपणे समजावून सांगितले होते. (किती मिनिटे लागली, ते त्यांनी मोजले नाही. शासकीय नोकरी.)

"नको देऊ वं," महामाया म्हणाली.

"जोडी तेच हाये. मधुमेह-इन्सुलिन. तुले पाठ नाई का?"

"पाठ हाये. तरी नको देऊ."

"बाजू हो."

तो एक शब्द टाळून बोलायचे महामायाने दोनदा करून पाहिले. मलिहाने सरांचा शर्ट वर केला. डायरी टेबलावरच होती. तिच्यात हॉलतिकीट होते, आठ दिवसांनंतरची परीक्षा होती, आणि फीत गेलेला, मायने वेचलेला दोन हंगामांचा कापूस होता. महामायाने डायरीकडे पाहिले, आणि मग मलिहाचे मनगट धरले.

"काऊन देतं? सांग मले, काऊन? सुई तं त्याइनं दुपारीच घेतली. जेवले कुठी? तो डबा पाय, तसाच हाये! शुगर आधीच उतरली त्याइची, अन् तू अजून उतरवतं?"

मलिहाने डब्याकडे पाहिले. सहाशे बारा जोड्यांत डबा कुठेच नव्हता. तिचा हात थांबला.

"मंग?"

"साखर आन. पालकाइच्या चहाची."

"सरले गोड बंद हाये, बाई!"

"आन म्हनतो ना!"

पेलाभर पाण्यात चार चमचे साखर विरघळली. ते पाणी घोट घोट करून पाजले. पंधरा मिनिटांनी सरांनी डोळे नीट उघडले, वर्गावर फिरवले आणि म्हणाले, "आयोडीन." उत्तर बरोबर होते.

मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. मधले बाकी सगळे त्यांच्या डोक्यावरून गेले होते, पण तेवढा एक शब्द बरोबर आत शिरला होता.

"काऊन कोण म्हनलं?"

सगळ्यांच्या नजरा लाल वहीकडे गेल्या.

"नियम म्हणजे नियम. मलिहा, वहीत घे."

मलिहाने वही उघडली. शेजारी महामायाने मान खाली घातली. मलिहा बराच वेळ लिहीत होती, आणि मग तिने वही सरांपुढे ठेवली. सरांनी मोठ्याने वाचले: "गोड बंद असलेल्या माणसाला साखर काऊन चालली? सही, मलिहा वाहेद. काऊन क्रमांक एक."

"तू?"

"हाव, सर."

"तुयाकून मले ही अपेक्षा नोती."

महामायाने तोंड उघडले. बाकाखाली मलिहाने तिच्या पायावर आपला पाय दाबून धरला. सरांनी शेरा मारला, 'उत्तर परीक्षेनंतर', आणि डबा उघडला.

सुटल्यावर मलिहा जिन्यातच थांबली. "आता सांग वं. काऊन?" दोघी खताच्या पोत्यांवर बसल्या आणि महामायाने सांगितले. त्यात एकोणीस मिनिटे गेली; सरांच्या हिशेबाने एकवीस प्रश्न बुडाले.

हॉलतिकीट मिळाले. परीक्षेत इन्सुलिनवर प्रश्न आला: स्वादुपिंडातून स्रवणारे संप्रेरक कोणते? वर्गाच्या बत्तीसही जणांनी बरोबर पर्याय निवडला, बाकी कोणी पाच सेकंदांच्या वर घेतले नाहीत. महामायाला बारा लागले. परीक्षेने सगळ्यांना सारखाच एक गुण दिला. पेन कोणी उघडले आणि साखर कोणी मागवली, हे विचारायला परीक्षेत जागा नव्हती.

निकाल उत्तम लागला. बत्तीसपैकी एकोणतीस जणांना प्रवेश मिळाला. बसस्थानकासमोर फ्लेक्स लागला. त्यावर मधोमध महामायाचा फोटो, शेजारी मलिहाचा, आणि वर ठळक अक्षरांत: 'प्रश्न न विचारता यश!' पंचफुलाबाईने तो फ्लेक्स येता-जाता चारदा पाहिला आणि पोरीला विचारले, "काय लिव्हलं हाये वं?" महामाया म्हणाली, "माहं नाव, माय."

त्या दोघींचे ठीक चालले आहे. राहिले सत्तावीस. जोड्या पाठ, हात स्थिर. शिक्षण पुरे करून ते आता ठिकठिकाणच्या दवाखान्यांत रुजू झाले आहेत. नेमके कोणत्या, असे तुमच्या मनात आले असेल, तर वही मोताळ्यात माडीवरच आहे. प्रश्न लिहा, खाली सही करा. नियमात बदल झालेला नाही: उत्तर परीक्षेनंतर मिळेल. एवढेच की या खेपेची परीक्षा तुमची आहे, आणि ती पलंगावर झोपून द्यायची आहे.