अम्मा गायब, शेळी शाबूत!

एक गोष्ट पहिल्यांदाच सांगून टाकतो. चूक माझी नव्हती! आमच्या घरात हे वाक्य मी इतक्यांदा ओरडलोय की शेजारचे तमिळ काकासुद्धा आता शुद्ध मराठीत म्हणतात, "चूक तुझी नव्हती, हो ना?" आणि हसतात. हसू देत!

मी चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीत आहे. केसाएवढा ओरखडा माझ्या नजरेतून सुटत नाही. त्यामुळे सासऱ्यांच्या सदाभिषेकमला त्यांच्या जुन्या सहलींच्या फोटोंचा स्लाइड शो करायचं ठरलं, तेव्हा मी छातीवर हात मारून म्हणालो, "दुकानात कशाला द्यायचं? मी करतो! माझ्या डाव्या हाताचा मळ आहे!"

सदाभिषेकम म्हणजे ऐंशी पार केलेल्या माणसाचं त्याच्याच बायकोशी पुन्हा लग्न. इकडची रीत. माझी बायको संयुक्ता तंजावरच्या मराठी घराण्यातली; त्यांच्या मराठीत 'आहे'चं 'अस्से' होतं. सासरे तुळजाजी राव, म्हणजे आमचे अप्पा, रेल्वेतून निवृत्त. पास फुकट, त्यामुळे दरवर्षी सहल. कन्याकुमारी, दार्जिलिंग, हरिद्वार, अजिंठा! आणि बरोबर सासूबाई कृष्णवेणी, म्हणजे अम्मा. त्या मात्र फुकट पासावर गेल्या तरी राबायलाच गेल्या. पण ते मला नंतर कळलं. सगळ्यांसमोर कळलं!

फोटो अल्बमला असे चिकटले होते, जसे काही फेव्हिकॉलमध्ये जन्मले! संयुक्ताचा हेअर ड्रायर लावून एकेक सोडवला. ड्रायर जळला. "माझा ड्रायर!" "तुझ्याच वडिलांचे फोटो!" दोन दिवस अबोला. तरी मी सगळे स्कॅन केले. फोटो स्वच्छ होते, पण प्रत्येकात मागे ही गर्दी! कन्याकुमारीला एकट्या उभ्या अप्पांच्या कानातून कुणीतरी शेंगदाणेवाला उगवलेला.

एवढ्यात मेव्हण्याचा, प्राणेशचा, फोन आला. त्याला मी गर्दीचं रडगाणं ऐकवलं. हा मुलगा श्रीपेरुंबुदूरला मोबाइलच्या कारखान्यात आहे, त्यामुळे जगातला प्रत्येक मोबाइल आपणच शोधून काढला असं त्याला वाटतं.

"भावजी, सिंपल! फोटोच्या ॲपमध्ये बटण आहे. 'नको असलेली माणसं काढा.' अमुक्का, ओव्हर!" अमुक्का म्हणजे दाबा. मी दाबलं. कन्याकुमारीचा शेंगदाणेवाला नाहीसा! अप्पा एकटे, मागे निळा समुद्र, राजासारखे! मग 'सर्व फोटोंना लावा' असं खाली होतं. तेही दाबलं.

बाकीचे तपासले का? नाही! पहिला नग बरोबर निघाला होता!

तांबरमच्या हॉलमध्ये सकाळी दोनशे माणसं. अप्पा जरीचं उपरणं घेऊन मंचावर, शेजारी हिरव्या कांजीवरममध्ये अम्मा, नव्या नवरीपेक्षा लाजलेल्या, हातात मात्र अप्पांच्या औषधांची पिशवी. मंगळसूत्र बांधायच्या आधी माझा शो. दिवे मालवले. नादस्वरम सुरू झालं. कन्याकुमारी आली. टाळ्या! मी मागे वळून सगळ्यांकडे पाहत होतो, म्हणून मला पडदा दिसत नव्हता. टाळ्या मात्र हळूहळू विरळ व्हायला लागल्या, तेव्हा पडद्याकडे वळलो.

दार्जिलिंग. अप्पा एकटे. शेजारी हवेत एक थर्मास लटकलेला.

हरिद्वार. अप्पा एकटे. त्यांच्या खांद्यावर एक बांगड्या घातलेला हात. नुसता हात!

कुणीतरी किंचाळलं. आणि मग अजिंठा. अप्पा एकटे, आणि शेजारी एक शेळी. शेळी स्पष्ट, हसरी, दाढीसकट!

"माप्पिळ्ळै!" अप्पा गरजले. जावयाला ते एरवी प्रेमाने माप्पिळ्ळै म्हणतात. त्या दिवशी ती शिवी वाटली. "माझी बायको कुठे अस्से?"

"अप्पा, ते... प्राणेश म्हणाला..."

"मी बटण सांगितलं!" प्राणेश स्टेजखालून ओरडला. "अम्माला काढा म्हणालो का?"

"तू तोंड बंद ठेव!" मी ओरडलो. "तुझ्या त्या बटणाला अक्कल नाही!"

"अक्कल बटणाला लागते की दाबणाऱ्याला?" ही संयुक्ता. माझी बायको! भर मांडवात!

आमचं असं तिहेरी युद्ध चाललं असताना अम्मा उठल्या. पन्नास-साठ वर्षांत ह्या बाईचा आवाज स्वयंपाकघराबाहेर कुणी ऐकला नसेल. त्या शांतपणे म्हणाल्या, "त्याला ओरडू नका. मशीन बरोबर अस्से."

त्यांनी पडद्याकडे बोट केलं.

"मशीनने पाहिलं, हे मध्ये उभे. मी काठाला, सामान धरून, दुसरीकडे बघत. त्याला वाटलं, ही कोणी वाटेवरची बाई." मग त्यांचा आवाज चढला. "दार्जिलिंगला मी तो थर्मास धरला, तुम्हाला गरम कॉफी हवी म्हणून! हरिद्वारला पाणी ओढत होतं, म्हणून तुम्हाला मी धरलं! आणि शेळी! शेळी राहिली, मी नाही! शेळी तरी तुमच्या बाजूला नीट उभी होती!"

"वेणी, फोटो काढणारा म्हणाला, जागा नाही..." अप्पा चाचरले.

"मग तुम्ही का नाही सरकलात?"

"सामान कुणी सांभाळायचं?" अप्पांच्या तोंडून निघून गेलं. हॉलमधल्या तमाम बायकांनी एकदम "अय्यो!" केलं. मला खरंच वाटलं, आता अप्पांना कुणी मारतं!

अम्मांनी गळ्यातला फुलांचा हार काढला, खुर्चीवर ठेवला. "हे लग्न मी करत नाही."

भटजींनी घड्याळ दाखवलं. "मुहूर्त चाललाय, मामी!"

"जाऊ दे. मागच्या वेळी मला कोणी विचारलं नव्हतं. ह्या वेळी मी नाही म्हणते."

इथे माझा राग जिथल्या तिथे थिजला. मी त्या बाईकडे पाहिलं. ऐंशीकडे झुकलेली, डोळ्यांत पाणी, पण मान ताठ. तिच्या आयुष्यातल्या सगळ्या सहली मी एका बोटाने पुसल्या होत्या.

अप्पा मंचावरून उतरले. एक खुर्ची ओढत आणून नेमकी मंचाच्या मधोमध ठेवली. अम्मांच्या हातातली पिशवी काढून घेतली, स्वतःच्या खांद्याला लावली आणि स्टेजच्या अगदी काठाला जाऊन उभे राहिले. हॉलच्या फोटोग्राफरला म्हणाले, "हिचा काढ. मी दिसलो नाही तरी सरी, चालेल."

अम्मा खुर्चीत बसल्या. फोटो निघाला. मग म्हणाल्या, "आता इकडे या. मंगळसूत्र बांधा. पिशवी मात्र खाली ठेवायची नाही."

अप्पांनी पिशवी खांद्यावर घेऊनच मंगळसूत्र बांधलं. नादस्वरम पुन्हा सुरू झालं. सगळे रडले, हसले आणि जेवायला पळाले. पळताना प्रत्येकाने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही सांबारात पडलेली माशी मीच!

पंगतीत मी धुमसत होतो. इतक्यात अम्मांची धाकटी बहीण, कुंभकोणमची धनलक्ष्मी मावशी, पान घेऊन शेजारी येऊन बसली. घ्या, आणखी एक! मी म्हणालो, "मावशी, चूक माझी नव्हती!"

"ते सोड," ती कुजबुजली. पलीकडे तिचे यजमान पायसम ओरपत होते. "आमच्या सहलींचेही खूप फोटो अस्सेत. त्यांच्यातून ह्यांना काढशील?"

"काय?"

"हळू बोल! त्र्यंबकेश्वरच्या फोटोत ह्यांनी माझ्यावर छत्री धरली अस्से. तेवढी राहू दे."

"मावशी, माणूस काढला तर छत्री हवेत तरंगेल!"

"तरंगू दे," मावशी पापड मोडत म्हणाली. "ह्यांच्यापेक्षा सरळ राहील."

माझा राग अजून गेलेला नाही, हे लक्षात घ्या! प्राणेशशी मी बोलत नाही. पण छत्री फार सुरेख आली आहे.