समोरून बघायचं घर

भानूदादांचं घर बाजूनं बघायला बंदी होती.

तुम्ही दिंद्रुडात आलात आणि आमच्या गल्लीतून सहज चालत निघालात, तर दादा तुमच्या दंडाला धरणार, रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली मांडलेल्या खुर्चीत बसवणार आणि म्हणणार, "हां. आता समोरून बघा. बाजूनं कावून बघता?" त्या खुर्चीत पोस्टमन बसला, दूधवाला बसला, मतं मागायला आलेला एक उमेदवारही बसला. "लई भारी हाय" म्हटल्याशिवाय उठायची परवानगी नसे.

मी त्यांचा शेजारी, गावच्या सोसायटीचा सचिव. मला ठराव कळतात, थकबाकी कळते. माणसं कळतात असा माझा दावा नाही, आणि दादांच्या बाबतीत तर मी कायमचा बुचकळ्यात पडलेला.

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झाल्यावर दादांनी घर बांधायला काढलं, आणि त्यासाठी वर्ष निवडलं नेमकं दुष्काळाचं. भिंती उभ्या राहिल्या, बाहेरून गिलावा झाला, आणि गिलाव्यावर मारायला पाणी नाही. टँकर यायचा तो प्यायच्या पाण्याचा. मग दादांनी फर्मान काढलं. घरातल्या प्रत्येकानं आंघोळ बाहेरच्या भिंतीपाशी करायची. तांब्या आधी भिंतीवर, तिथून उडेल ते अंगावर. बायकांसाठी बारदानाचा आडोसा केला होता. "आज उगवतीच्या भिंतीची पाळी हाय रे," असं दादा सकाळी ओरडून सांगत, ते आमच्या घरात ऐकू येई. एकदा गवंडी वैतागून म्हणाला, "दादा, भिंतीला फेस यायलाय." त्या दिवसापासून त्या घरात साबण बंद झाला.

रंगाचं तर विचारूच नका. सहकारावर दादांचा फार विश्वास. त्यांनी भर रस्त्यात सभा बोलावली, मला सचिव म्हणून उभं केलं आणि गावाला हात वर करायला लावले. निम्मे हात पिस्त्याला, निम्मे गुलाबीला. दादांनी कुणाचंच मन मोडलं नाही. भिंती पिस्ता, खांब गुलाबी आणि गच्चीच्या कठड्यावर सिमेंटची कमळं, ती मात्र सभेला न विचारता. खुर्चीतून बघितलं की डोळे दिपायचे, हे खरं आहे.

आता बाजूबद्दल सांगतो. मावळतीच्या भिंतीला ना गिलावा, ना रंग. नुसत्या लाल विटा, आणि दोन्ही टोकांना एकाआड एक वीट बाहेर आलेली. पुढं खोली वाढवायची असली की गवंडी असे दात सोडतात, म्हणजे नवी भिंत त्यात गुंतवता येते. पण दादा वाढवणार कुठं? भिंतीपलीकडची रिकामी जागा होती त्यांच्या धाकट्या भावाची, सुधाकरची. सोसायटीच्या निवडणुकीत दोघं भाऊ दोन पॅनलमधून उभे राहिले, दोघंही पडले, आणि तेव्हापासून बोलणं बंद. सुधाकर बायकापोरांना घेऊन परळीला गेला आणि तिथं त्यानं दुकान टाकलं.

गावानं अर्थ लावायला वेळ घेतला नाही. थोरला धाकट्याची जागा गिळणार, दुसरं काय?

मी दादांना विचारून बघितलं. एकदा म्हणाले, "रेती सरली." एकदा म्हणाले, "गवंडी पळाला." तो गवंडी तेव्हा आमच्याच ओट्यावर चहा पीत होता. शेवटी वहिनींना विचारलं, तर त्या माझ्याहून गोंधळलेल्या. "मला बी न्हाई सांगत, भाऊजी. सगळ्यांच्या आंघोळी कवाच घरात आल्या, हे मात्र अजून रोज तिकडंच करायलेत." हे मीही बघत होतो. गिलावा असलेल्या भिंती केव्हाच पक्क्या झाल्या होत्या, आणि दादा बादली घेऊन भावाच्या रिकाम्या जागेत, त्या उघड्या विटांपाशी, थंडीत कुडकुडत बसायचे. माझं डोकं चालेना.

गावातली कुजबुज परळीला पोचायला कितीसा वेळ? एका सकाळी सुधाकर तडक सोसायटीत माझ्यासमोर उभा.

"सचिवसाहेब, दादा माझ्या जाग्यात घुसलाय म्हनं. मी आता ती जागा व्यापाऱ्याला इकून टाकतो. मंग बसू द्या त्याच्याशी भांडत."

मला भीती वाटली. जागा एकदा विकली गेली की हे दोघं भाऊ पुन्हा एकमेकांच्या दारात यायचे नाहीत, एवढं मलाही कळत होतं. "विकायची ती विक," मी म्हटलं, "पण आधी डोळ्यांनी बघ तरी." आणि त्याला घेऊन गेलो.

दादा लिंबाखाली खुर्चीत बसले होते. सुधाकरला बघितलं, पण दंडाला धरलं नाही, समोरून बघ म्हणाले नाहीत. सुधाकर सरळ बाजूला गेला. दादांनी मान वळवली नाही. ते आपले कठड्यावरच्या कमळांकडं बघत राहिले.

"ह्या विटा माझ्या जाग्यात कावून सोडल्या?" सुधाकरनं तिकडूनच विचारलं.

दादा कमळांनाच सांगितल्यासारखं म्हणाले, "मंग तू बांधशील तवा तुझ्या भिंती कशात गुतवशील? तेवढी एक भिंत वाचंल तुझी."

आम्हा सगळ्यांना समोर का बसवून ठेवलं होतं, ते मला तेव्हा कळलं. बाजू दिसली की लोक विचारणार, आणि ती भावासाठी सोडलीय हे दादांना तोंडानं सांगायचं नव्हतं.

सुधाकरनं बाहेर आलेली एक वीट धरून हलवली. ती हलेना. त्यानं भिंतीवर हात फिरवला, हात ओला झाला.

"पानी मारलंय ह्याला?"

"रोज हितंच आंघोळ करतो की."

"थंडीत बी?"

दादा उठले, रस्त्यापलीकडून खुर्ची उचलून आणली आणि भावाच्या जागेत, त्या उघड्या भिंतीसमोर मांडली.

"बस," ते म्हणाले. "तू हितून बघ."