उभे अप्पा

आमच्या शेजारच्या शिवअप्पांना मी इतक्या वर्षांत संध्याकाळी बसलेलं पाहिलेलं नाही.

उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्यांचं आडतीचं दुकान आहे. गादीवर, लोडाला टेकून गिऱ्हाईक बसतं, अप्पा उभे. एसटीत जागा मिळाली की दुसऱ्याला देतात. कीर्तनात खांबापाशी उभे. लोक म्हणतात, केवढा निगर्वी माणूस. दुष्काळात तर त्यांचं फारच नाव झालं. टँकर दिवस कलल्यावर यायचा आणि अख्ख्या गल्लीच्या घागरींमागे अप्पा खुशीने रांगेत थांबायचे. तेव्हा उदगीर जिल्हा होणार अशी बोलणी पुन्हा चालली होती. रांगेतलं कुणी म्हणालं, "अप्पा, जिल्हा झाला की नगराध्यक्षाच्या खुर्चीत तुम्हीच."

"खुर्ची नगं बाबा," अप्पा घाईने म्हणाले. सत्तेचा मोह नसलेला माणूस म्हणून त्यांचं आणखी कौतुक झालं.

खरी गोष्ट अशी, की संध्याकाळी बसलं की त्यांच्या पायांत काहीतरी सरपटायला लागे. "मुंग्या न्हाईत सर, मुंग्यांच्या आतल्या मुंग्या हायत," असं ते मला सांगत. चाललं की थांबे, बसलं की पुन्हा सुरू. त्यात बसल्याबसल्या पाय हलवले की घरातून लक्ष्मी जाते, हे लहानपणापासून ऐकलेलं. व्यापारी माणूस, माझ्याशिवाय सांगणार कुणाला?

शेवटी मीच त्यांना लातूरला डॉक्टरकडे नेलं. वजन विचारल्यावर अप्पा खालच्या आवाजात म्हणाले, "एक क्विंटल नऊ." डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, हा चाळा नव्हे, आजार आहे. जाड माणसांत तो जास्त आढळतो. वजनानेच होतो असं छातीठोक सांगता येत नाही, पण दोहोंचा संबंध दिसतो. रक्तातलं लोह तपासू, तुम्ही वजन उतरवा. येताना अप्पा एसटीत उभेच होते. "लोक म्हनतील, खाऊन खाऊन पायात उतरलं," एवढंच बोलले.

बायको गेल्यापासून त्यांचे पाय मुलगी, सुवर्णा, चोळून द्यायची. तिला कंधारचं स्थळ आलं, तिलाही मुलगा पसंत पडला. राहिली बैठक. आमच्याकडे बैठकीतून मुलीचा बाप उठला की सोयरीक मोडली असाच अर्थ होतो. दुपारी पाय सहसा त्रास देत नाहीत, म्हणून बैठक दुपारची ठेवली. तरी अप्पांना धाक होताच. "सर, तुम्ही शेजारी बसा. मी उठाय लागलो की धोतर वढा."

बोलणी सुरळीत चालली होती. मुलाच्या मामांनी पानाला चुना लावत विचारलं, "मग पोरगी कधी न्यायची?" आणि अप्पा उठले. मी धोतर ओढलं. एक क्विंटल नऊ खाली आले नसते, धोतर मात्र आलं असतं, म्हणून सोडलं.

मामांचं बोट पानावरच थांबलं. "अप्पा, नामंजूर समजायचं का?"

दारात सुवर्णा उभी होती. अप्पांनी तिच्याकडे पाहिलं, मग मान खाली घातली.

"तसं न्हाई. मला पायाचा आजार हाय. जाड मानसाला लई होतो म्हने. बसवत न्हाई. पोरीला तसलं काई न्हाई. सोयरीक मंजूर हाय."

मामांनी पान तोंडात टाकलं. "मग उभ्यानं बोला की. आमचं काय तुमच्या बसन्याशी लगीन लागून राहिलंय?"

सगळे हसले. मामांनी टाचा उंचावून अप्पांना कुंकू लावलं.

पाहुणे गेल्यावर मी म्हणालो, "सांगून टाकलंत, बरं झालं. पाय फार छळत होते का?"

अप्पांनी पानाचं तबक उचललं.

"लाज वाटती सर सांगायला. पाय गप होते. पोरगी न्यायची म्हनले, आन् मी मोडायलाच उठलो होतो. तिचं तोंड दिसलं, म्हनून आजार पुढं केला."